जिन्याची वाट बागेतून : व्हिएन्नाचं कार्ल मार्क्स होफ

दूरदेशी

नऊ वर्षं या शहरात काढल्यावर एका इमारतीबद्दल लिहायचं धाडस करतोय. चुका दिसल्या तर कान धरा.

हायलिगेनश्टाट हे यू-४ मेट्रोचं शेवटचं स्टेशन. बाहेर पडलं की समोर तांबूस आणि पिवळट रंगाची एक इमारत दिसते आणि ती संपतच नाही. लांबी १ किलोमीटरच्या वर. ट्रामचे चार थांबे येऊन जातात तरी हीच इमारत चालू. १९२७ साली काम सुरू झालं, १९३० च्या ऑक्टोबरमध्ये उद्घाटन. १,३८२ घरं, सुमारे ५,००० माणसांची सोय. बांधणारी व्हिएन्नाची महापालिका, राहणारे भाडेकरू. अशा महापालिकेच्या घरांना इथे गेमाइंडेबाऊ म्हणतात.

बाहेरून पाहून माझं मत फारसं बरं नव्हतं. किल्ला वाटतो, सरकारी वाटतो. पहिल्या वर्षी माझ्या जर्मनच्या शिकवणीच्या बाई इथे राहायच्या म्हणून आत जाणं झालं. त्यांनी पत्ता दिला, त्यात घर क्रमांकानंतर आणखी दोन आकडे. मी रस्त्यावरून दार शोधत अर्धा किलोमीटर चाललो. दारच नाही! दुकानं आहेत, खिडक्या आहेत, पण घरात शिरायचं दार एकही नाही. शेवटी फोन केला तर बाई म्हणाल्या, "कमानीतून आत ये, बागेत उभा राहा आणि जिन्याचा नंबर बघ."

तर गोम ही आहे. जवळजवळ शंभर जिने आहेत आणि त्यांची दारं आतल्या अंगणात उघडतात. कमान ओलांडायची, झाडांखालून चालायचं आणि मग आपल्या जिन्याला लागायचं. पत्त्यातला मधला आकडा जिन्याचा, शेवटचा घराचा. कामावरून येणारा माणूस असो, शाळेतून येणारं पोर असो की पोस्टमन, बाग ओलांडल्याशिवाय कुणालाच घर गाठता येत नाही.

जागा होती सुमारे १,५६,००० चौरस मीटर. त्यातल्या जेमतेम १८ टक्के जमिनीवर बांधलं, बाकी सगळी मोकळी. त्याआधी या शहरात भाड्याच्या इमारती बांधताना ८५ टक्क्यांपर्यंत जमीन झाकायचे आणि मधे उरायचा तो हवेचा बोळ. त्या जुन्या घरांत नळ आणि संडास बाहेर, मजल्यावर सामाईक. त्या नळाला बास्सेना म्हणतात, आणि नळावरच्या कुचाळक्यांसाठी वेगळा शब्दसुद्धा आहे. (हे वाचून मला गिरगावातली आमची मावशी आठवली.) काही लोक तर खोलीही नाही, नुसता पलंग भाड्याने घ्यायचे, तोही ठरावीक तासांपुरता.

या पार्श्वभूमीवर घरात नळ, घरात संडास, बऱ्याच घरांना छोटी गॅलरी. घरं लहानच, ३० ते ६० चौरस मीटर. न्हाणीघर घरात नव्हतं, त्यासाठी आवारातच सामाईक स्नानगृहं. शिवाय दोन मोठी धुलाईघरं, बालवाड्या, वाचनालय, औषधाचं दुकान, दातांचा दवाखाना, बाळंतिणींसाठी सल्ला केंद्र. एका धुलाईघरात आता छोटं संग्रहालय आहे. तिथे कळलं की कपडे वाळवायला भिंतीत उभी कपाटं होती. रुळावरून ओढून बाहेर काढायची, कपडे टांगायचे, परत आत ढकलायची, आत गरम हवा. प्रत्येक बिऱ्हाडाला दिवस नेमून दिलेला.

वास्तुविशारद कार्ल एन, ओटो वागनरचा विद्यार्थी आणि महापालिकेचा नोकर. मधल्या भागात सहा प्रचंड कमानी आहेत, वर झेंड्याच्या काठ्या आणि कमानींच्या माथ्यावर चार पुतळे: स्वातंत्र्य, संगोपन, प्रबोधन आणि शरीरसंवर्धन. कमानी एवढ्या मोठ्या का, याचं इथले लोक देतात ते उत्तर मला फार आवडतं. मागे टेकडीवर होहे वार्टेचं फुटबॉल मैदान आहे. सामन्याच्या दिवशी स्टेशनातून निघालेली गर्दी कमानींतून सरळ पार व्हावी म्हणून.

सध्या एवढंच. पैसे कुठून आले आणि १९३४ साली काय झालं, ते कुणी विचारलं तर लिहीन. फोटो मुद्दाम टाकत नाही, लोकांच्या खिडक्या आणि वाळत घातलेले कपडे आहेत.

टवाळ_तात्या

फोटो नाहीत म्हणजे धागा फाऊल धरला जातो हे माहीत आहे ना? बाकी छान. आमच्या सोसायटीत जिन्याची वाट पार्किंगमधून आहे, तीही तिरकं चालून.

पानशेतपूर्व

होफ म्हणजे अंगणच ना? की वाडा? आमच्या सदाशिवातल्या वाड्याला दोन चौक होते. दिंडीदरवाज्यातून आत आलं की पहिला चौक, तिथून जिने वर. कोण किती वाजता आलं, कुणाच्या हातात कसली पिशवी होती, सगळ्या वाड्याला ठाऊक. तुम्ही वर्णन केलंत ते वाचून आमचा वाडा शंभरपट फुगवल्यासारखा वाटला. फक्त आमच्या चौकात बाग नव्हती, एक पारिजातक आणि मालकांची सायकल होती.

दूरदेशी

@पानशेतपूर्व, दोन्ही. होफ म्हणजे अंगण आणि अंगण असलेलं आवारही. म्हणूनच मी मराठीत 'वाडा' लिहिता लिहिता थांबलो. 'मार्क्सवाडा' म्हटलं असतं तर तात्यांनी मला सोडलं नसतं.

टवाळ_तात्या

मार्क्सवाडा! झालं, आता हेच नाव. भाडेकरूंनो, एक व्हा.

रेखाटणी

व्यवसायाने वास्तुविशारद आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

धागाकर्त्यांनी नेमकी गोष्ट पकडली आहे. आपल्याकडे बिल्डर 'ऐंशी टक्के मोकळी जागा' अशी जाहिरात करतात ना, त्यात आणि यात फरक दाराचा आहे. मोकळी जागा आपण इमारतीच्या मागे किंवा पोडियमवर ठेवतो. माणूस गाडीतून उतरतो, लिफ्टने वर जातो, बाग त्याच्या वाटेवर येतच नाही. मग तिथे जायला वेळ काढावा लागतो, आणि वेळ कुणाकडे असतो? फक्त म्हाताऱ्यांकडे आणि लहान पोरांना सांभाळणाऱ्या बायांकडे. होफमध्ये बाग हीच वाट असल्यामुळे तिचा वापर आपोआप होतो.

दुसरं म्हणजे जुन्या पद्धतीत घरासमोर लांब व्हरांडा आणि त्यावर ओळीने खोल्या असायच्या (आपली चाळ). तो व्हरांडा व्हिएन्नात काढून टाकला. एका जिन्यावर दर मजल्याला मोजकीच घरं ठेवली. व्हरांडा गेल्यामुळे दोन्ही अंगांना खिडक्या मिळतात, हवा आरपार जाते. पण व्हरांड्यावर होणारी भेटगाठ गेली, ती त्यांनी खाली अंगणात आणि धुलाईघरात नेली. म्हणजे शेजार ठेवला, फक्त दारासमोरून उचलून चार पावलं लांब ठेवला. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. चाळीत वाढलेल्या माणसाला शेजार हवा असतो, पण दार सताड उघडं नको असतं.

आणि टीकाही सांगते. त्या काळातल्या आधुनिक वास्तुविशारदांना ही पद्धत जुनाट वाटली होती. फ्रँकफर्टला त्याच वर्षांत समांतर ओळींच्या सुटसुटीत वसाहती होत होत्या, आणि इकडे हे राजवाड्यासारखे कमानी-बुरूज. मला विचाराल तर कमानी थोड्या जास्तच झाल्या आहेत.

स्पष्टवक्ता

लेख चांगला आहे पण गुलाबी चष्मा दिसतोय. पैसा कुणाचा? फुकट काही नसतं. श्रीमंतांना पिळून मतदारांना घरं वाटली, हे साध्या शब्दांत लिहा की.

दूरदेशी

@स्पष्टवक्ता, विचारलंत ते बरं झालं, हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो.

महायुद्ध चालू असताना, १९१७ साली, सैनिकांच्या कुटुंबांना मालकांनी हाकलू नये म्हणून भाडी गोठवली. युद्धानंतर महागाई अशी भडकली की गोठलेल्या भाड्याला काही किंमतच उरली नाही. मग खाजगी माणूस घर बांधेल कशाला? बांधकाम थंडावलं, जमिनी स्वस्त झाल्या. १९२२ पासून व्हिएन्ना स्वतंत्र प्रांत झाला आणि महापालिकेला स्वतःचे कर लावायचा अधिकार मिळाला. या दोन गोष्टी जुळून आल्या नसत्या तर हे होफ उभंच राहिलं नसतं, विचारसरणी काहीही असो.

अर्थखातं ह्यूगो ब्राइटनर यांच्याकडे होतं, हे पूर्वी बँकेत होते. १९२३ पासून त्यांनी घरबांधणी कर लावला. प्रत्येक भाडेकरूवर, पण चढत्या दराने. कामगाराच्या खोलीला नाममात्र आणि हवेलीला दणदणीत. सगळ्यात महागड्या अर्ध्या टक्का जागांकडून या कराचा ४० टक्क्यांहून जास्त पैसा यायचा. शिवाय घोडे, मोटारी, शॅम्पेन आणि घरचे नोकर यांवर वेगळे कर. त्यामुळे होय, श्रीमंतांना पिळलं. त्यांनीही ब्राइटनरना शिव्या घालायची एक संधी सोडली नाही.

मात्र कर्ज न काढता करातून बांधल्यामुळे भाड्यात व्याज धरायची गरज उरली नाही. भाडं फक्त देखभालीपुरतं, कामगाराच्या पगाराच्या सुमारे ४ टक्के. १९२३ ते १९३४ या काळात अशी ६०,००० हून अधिक घरं झाली.

वरळीकर

पहिल्यांदाच लिहितोय, शुद्धलेखनाला सांभाळून घ्या.

माझा जन्म वरळीच्या बीडीडी चाळीतला. हा धागा वाचताना सारखं तेच डोळ्यांपुढे येत होतं, कारण साल बघा. आमच्या चाळीपण १९२० च्या दशकातल्याच. गव्हर्नर लॉईडच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं, त्यावरून बीडीडी. त्यांनीपण कर लावला होता, मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीमागे १ रुपया. बाकी कर्ज. ५०,००० खोल्या बांधायचं ठरलं, झाल्या सुमारे १६,०००. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी. तळमजला अधिक तीन, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फूट. संडास मजल्यावर सामाईक.

म्हणजे तिकडे नळ आणि संडास घरात आणत होते त्याच वर्षांत इकडे ते बाहेर ठेवून काँक्रीट ओतत होते. सुरुवातीला कामगार राहायलाच येईनात. भाडं जास्त, गिरण्या लांब, खोल्या अंधाऱ्या. वरळीच्या चाळी तर इतक्या रिकाम्या की १९३० च्या सत्याग्रहात सरकारने तिथे तात्पुरता तुरुंग केला! राहायला बांधलेली जागा थेट तुरुंग म्हणून चालली, यावरून खोल्या कशा असतील ते समजा.

पण मैदानं होती. जांबोरी मैदान सगळ्यांना टीव्हीवरच्या दहीहंडीमुळे माहीत आहे. आम्हाला ते क्रिकेट, सभा, लग्नाचा मांडव आणि उन्हाळ्यात रात्री झोपायला. आमच्या दोन चाळींच्या मधल्या जागेत सकाळी पाण्याचे पिंप, दुपारी पापड आणि संध्याकाळी कॅरम. बागबिग काही नाही, एक पिंपळ. मैदानाची आखणी कुणी काय हेतूने केली ते ठाऊक नाही, पण वापर आम्ही शोधला.

आता पुनर्विकास चाललाय. काहींना ताबा मिळाला, ५०० चौरस फुटांचं घर, चाळीस मजली टॉवर, संडास घरात. आईला विचाराल तर ती म्हणेल शंभर वर्षं उशीर झाला. रेखाटणी ताई, तुमचं ते लिफ्टचं म्हणणं मात्र पटलं. मामाला ताबा मिळाला आहे. पहिला महिनाभर तो रोज लिफ्टने खाली येऊन गेटवर वॉचमनशी बोलत बसायचा.

कुसुमावती

@वरळीकर, पहिल्याच प्रतिसादात षटकार. यावर वेगळा धागा काढा, नक्की काढा.

टवाळ_तात्या

+१. यावर थट्टा सुचत नाहीये, नोंद घ्यावी.

स्पष्टवक्ता

वरळीकर, मनापासून लिहिलंत. पण यातून माझाच मुद्दा निघतो. भाडी मुंबईतही गोठवली. १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा, भाडी १९४० च्या पातळीवर. परिणाम? मालकांनी डागडुजी बंद केली, पागडी सुरू झाली, पावसाळा आला की इमारती पडतात. व्हिएन्नातही तेच व्हायला हवं होतं.

दूरदेशी

व्हायला हवं होतं आणि निम्मं झालंही. खाजगी मालकांनी बांधणं थांबवलं. फरक असा की त्या पोकळीत महापालिका उतरली. जमीन विकत घेऊन स्वतः बांधायला लागली, आणि थोडं नाही, दरवर्षी हजारोंनी. नुसतं भाडं गोठवून बसले असते तर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं असतं.

आजही शहराच्या मालकीची सुमारे २,२०,००० घरं आहेत आणि दर चार व्हिएन्नावासीयांपैकी एक जण तिथे राहतो. खोट काढायची तर तीही आहे. एकदा घर मिळालं की नंतर पगार वाढला म्हणून कुणी काढत नाही, आणि जवळच्या नातेवाइकांच्या नावावर भाडेपट्टा चढू शकतो. बाहेरच्याला रांग. आपल्यासारख्या युरोपबाहेरच्या माणसाला दीर्घकाळ वास्तव्याचा परवाना मिळेपर्यंत अर्जही करता येत नाही. मी स्वतः खाजगी मालकाच्या घरात राहतो आणि भाडं ऐकलंत तर तुम्ही माझ्या बाजूने बोलायला लागाल.

पानशेतपूर्व

अवांतर नाही, म्हणून लिहितो. सुभाषबाबू १९३३ च्या मार्चमध्ये उपचारांसाठी व्हिएन्नाला गेले होते. विठ्ठलभाई पटेलही तेव्हा तिथेच. सुभाषबाबू त्याआधी कलकत्त्याचे महापौर राहिलेले, त्यामुळे आजारपणातही त्यांनी व्हिएन्नाच्या महापालिकेचा कारभार बारकाईने पाहिला. कर्ज न काढता कामगारांना घरं कशी दिली याबद्दल त्यांनी कलकत्त्याच्या महापौरांना पत्रातून कळवलं होतं. म्हणजे हा विषय भारतात नव्वद वर्षांपूर्वीच येऊन पोचला होता.

दूरदेशी, १९३४ चं राहिलं.

दूरदेशी

हो, राहिलं. त्यात मला थोडं अवघड जातं.

सुभाषबाबू आले त्याच महिन्यात चॅन्सलर डॉलफुसने संसद बंद पाडली. व्हिएन्ना समाजवाद्यांचं आणि देशाची सत्ता त्यांच्या विरोधकांची, हे आधीपासूनच होतं. या इमारती बांधल्या जात असतानाच विरोधक म्हणायचे की ही घरं नाहीत, किल्ले आहेत, खिडक्या बंदुका ठेवायला केल्यात. १२ फेब्रुवारी १९३४ रोजी लढाई पेटली. कामगारांचं सशस्त्र दल या होफमध्ये ठाण मांडून बसलं आणि सरकारी सैन्याने इमारतीवर तोफा डागल्या. आत बायका-मुलं होती. चार दिवसांत शहर शांत झालं. महापौर कार्ल झाइट्स यांना अटक झाली, पक्षावर बंदी आली आणि होफचं नाव बदलून हायलिगेनश्टेटर होफ केलं गेलं. १९३८ मध्ये नाझी आले तेव्हा इथल्या यहुदी भाडेकरूंना घराबाहेर काढलं. जुनं नाव परत आलं ते १९४५ साली.

उद्घाटनाच्या भाषणात झाइट्स म्हणाले होते की आम्ही नसू तेव्हा हे दगड आमच्या वतीने बोलतील. त्यानंतर चार वर्षांतच तोफा.

कमानींसमोरच्या चौकाला आता १२ फेब्रुवारी चौक म्हणतात. तिथे हिरवळीवर बी पेरणाऱ्या माणसाचा एक पुतळा आहे. शिकवणीच्या बाईंनी मला पहिल्यांदा हा चौक दाखवला तेव्हा इतिहास दोन वाक्यांत सांगितला आणि दहा मिनिटं शेवग्यासारख्या दिसणाऱ्या एका झाडाबद्दल बोलल्या. त्यांना त्या झाडाच्या शेंगांचा कचरा आवडत नव्हता.

आणि हो, कार्ल एन. सत्ता तीनदा पालटली तरी हा गृहस्थ महापालिकेच्या नोकरीतच राहिला.

रेखाटणी

सरकारी वास्तुविशारदाचं आयुष्य! आमच्या व्यवसायातल्या लोकांना यात नवल वाटणार नाही.

एक विचारते. एवढी बाग, तर मुलं हिरवळीवर खेळतात का? मी वाचलं होतं की सुरुवातीला गवतावर पाय ठेवायला बंदी होती.

दूरदेशी

होती. नियम कडक होते. हिरवळ पाहायची, तुडवायची नाही. मुलांनी खेळाच्या जागीच खेळायचं, धुलाईघराला ठरल्या दिवशीच यायचं. धुलाईघरात पुरुषांना मज्जाव होता, अपवाद तिथल्या देखरेख करणाऱ्याचा. नव्या पद्धतीचा माणूस घडवायचा तर त्याला शिस्त लावायची, अशी समजूत. कामगाराला बाग दिली आणि गवतावर जाऊ नको म्हणूनही सांगितलं, हे मला कधीच नीट पचलेलं नाही.

आता तसं राहिलेलं नाही. १९९० च्या सुमारास मोठी दुरुस्ती झाली, काही लहान घरं जोडून मोठी केली. परवा गेलो होतो तर एका जिन्याच्या दाराजवळ 'चेंडू खेळू नये' अशी पाटी होती आणि त्या पाटीलाच गोलपोस्ट मानून तीन पोरं खेळत होती. दोघं तुर्कीत ओरडत होते, तिसरा जर्मनमध्ये. वरच्या गॅलरीतून एक आजोबा रागावले. पोरांनी एकसुरात माफी मागितली, दोन मिनिटं थांबली, परत सुरू.

वरळीकर

आमच्याकडे त्या आजोबांनी चेंडू ठेवून घेतला असता.

कुसुमावती

ऑक्टोबरमध्ये मुलाकडे म्युनिकला जाणार आहोत, दोन दिवस व्हिएन्ना ठरवलंय. यांना राजवाडे बघायचेत, मला आता हे बघायचंय. आत कुणी अडवतं का? आणि ते धुलाईघराचं संग्रहालय कधी उघडं असतं?

दूरदेशी

@कुसुमावती ताई, अंगणात कुणी अडवत नाही, फक्त जिन्यांत शिरू नका. संग्रहालय आठवड्यातून मोजकेच दिवस उघडतं, येण्याआधी चौकशी करा, नाहीतर बंद दार बघून परत जाल. यू-४ने शेवटपर्यंत या, समोरच्या कमानींतून चौकात जा आणि मग डावीकडच्या किंवा उजवीकडच्या कुठल्याही अंगणात शिरून बाकावर बसा. सकाळी अकराच्या आत याल तर बरं, तेव्हा म्हाताऱ्या बायका कुत्री घेऊन खाली येतात. काकांना सांगा, त्यांचा राजवाडाही यू-४वरच आहे, श्योनब्रुन. गाडी तीच, फक्त उलट्या दिशेने.

टवाळ_तात्या

काका राजवाड्यात आणि काकू मार्क्सवाड्यात. दोघांचेही फोटो टाका. खिडक्या सोडून.